दोनशे एकोणचाळीस कार्डं

आमचे मामा सातवी पास, पण अक्षर असं की मोत्याला लाज वाटावी. डिक्शनरी करणाऱ्या ऑफिसात ते आधी पुस्तकांचे गठ्ठे बांधायचे. एक दिवस गठ्ठ्यावर त्यांनी पत्ता लिहिला तो मास्तरांनी बघितला. मास्तर म्हणजे तिथले मुख्य. ते म्हणाले, "दोरी सोडा, टाक धरा."

काम असं होतं बघा. मास्तर इंग्रजी शब्दाचा एकेक अर्थ काढायचे, स्पॅनिश येणाऱ्या एक बाई त्याच्यासमोर त्यांच्या भाषेतला शब्द द्यायच्या, आणि मामा ते सगळं कार्डावर स्वच्छ उतरवायचे. इंग्रजी काळ्या शाईत, स्पॅनिश तांबड्या. एका अर्थाला एक कार्ड. मग कार्डं लांब खणात रांगेनं लावायची आणि खाली भोकातून पितळी सळई घालायची. छत्रीच्या शब्दाला एकच कार्ड लागलं, जेवायच्या आधी संपला. मग आला रन.

रन म्हणजे पळणं, हे मामांनाही माहीत होतं. एका दिवसाचं काम म्हणून बसले ते दोन वर्षं उठले नाहीत. माणूस पळतो तेव्हा स्पॅनिशमध्ये कोर्रेर. मशीन चालतं तेव्हा फुन्सिओनार. दुकान चालवलं तर दिरिखिर. कापडाचा रंग गेला, गाडीनं कोणाला चिरडलं, कोणाची अचानक गाठ पडली, डब्यातली साखर संपली, सगळ्याला इंग्रजीत तेच रन आणि स्पॅनिशमध्ये दर वेळी नवीन.

मामांना दोन्ही भाषा येत नव्हत्या. मग कुठलं कार्ड कशाचं हे कळावं म्हणून ते मास्तरांना विचारायचे आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं घरातली एक ओळ लिहायचे. फुन्सिओनारच्या मागे, हिचं शिलाई मशीन तेल घातल्यावर चालतं. रंग जाण्याच्या मागे, लाल फडक्यानं माझा पांढरा शर्ट गुलाबी केला, मी बोललो, ती जेवली नाही.

नंबर मात्र त्यांनी घातले नाहीत. पहिल्यांदा घातले होते, तर मास्तर म्हणाले, हा नवीन अर्थ सत्ताविसाच्या आधी घाला. झालं, पुढचे सगळे खोडा. असं तीनदा झालं तेव्हा मामांनी हात जोडले आणि म्हणाले, नंबर एकदाच, अगदी शेवटी. क्रम सगळा डोक्यात.

मामी म्हणायची, "माझी सवत बघा कशी, कार्डावर झोपते आणि नवऱ्याला घरी येऊ देत नाही."

"अगं, तिचे निदान अर्थ तरी लागतात," मामा म्हणायचे.

खोकला होताच. मग एकदा मामीला रुमालावर तांबडं दिसलं.

"हे काय?"

"शाई गं. टाक वाळला की जिभेला लावतो मी."

टाक चाटायची सवय त्यांना होतीच, म्हणून तिनं मानलं. तीन रुमाल तिनं शाईचे म्हणून धुतले. चौथा धुताना पाण्याला वास आला तेव्हा हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आजच भरती व्हा.

मामा म्हणाले, "पंधरा दिवस द्या. शब्द संपत आलाय. क्रम माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही, दुसऱ्यानं हात लावला की दोन वर्षांची माती."

पंधरा दिवसांचे पाच महिने झाले. मामी भांडली, अबोला धरला, एकदा डबा दिला नाही. मामा उपाशी जाऊन काम करून आले.

शेवटी एका सकाळी मास्तरांना दाखवायला खण घेऊन ऑफिसचा जिना चढत होते. सळई काढून खिशात ठेवलेली, वर जाऊन नंबर घालायचे म्हणून. सातव्या पायरीवर खोकल्याची उबळ आली. मामा बसले ते आडवेच झाले, आणि कार्डं खालपर्यंत पसरली.

मास्तरांनी कार्डं दोन पिशव्यांत भरून दवाखान्यात आणली. मामांच्या नाकाला नळी. पिशव्या बघून त्यांनी आधी डोळे मिटले, मग मामीला म्हणाले, "मागचं वाच."

रोज चार ते सहा भेटायची वेळ. मामी एकेक कार्ड वाचत जायची, क्रमानं पुढचं आलं की मामा थांबवून नंबर सांगायचे, ती कोपऱ्यात शाईनं घालायची.

"भाऊजी तिसरं दुकान चालवतायत, दोन बुडवली."

"चौतीस."

"भाचीचं नाक बारा महिने वाहतं. अहो, पोरीचं असं लिहितात का?"

"एकोणसाठ. खरंय ते."

"पाण्याच्या रांगेत हिची गाठ पडली, हिनं माझ्या पायावर हंडा ठेवला." मामी थांबली. "मुद्दाम नव्हता ठेवला."

"मुद्दामच होता. एकशे बारा."

डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं की पाच महिन्यांपूर्वी आले असते तर काहीतरी करता आलं असतं. ती आत आली आणि पुढचं कार्ड उचललं. ते बोलणं तिनं त्यांना कधी सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी एकशे अठ्ठ्याण्णवपर्यंत आले. मामांना बोलवेना, ते बोटं दाखवायला लागले, मग बोटंही उचलेनात. मामीनं कार्ड डोळ्यांसमोर धरून ठेवलं. सहा वाजले, नर्सनं उठवलं. सकाळी गेली तर खाट रिकामी करून चादर बदललेली होती.

एक्केचाळीस कार्डं राहिली. मामांच्या तेराव्याला मास्तर घरी आले. "द्या, शेवटी कशीही टाकतो."

मामी म्हणाली, "दोन दिवस थांबा."

स्वयंपाकघरात फरशीवर तिनं ती पसरली. इंग्रजी येत नाही, स्पॅनिश येत नाही. मग घरात जे ज्याच्या आधी घडलं होतं तसं लावलं. आधी मशीनची सुई बोटात गेलेली, मग गळकं छप्पर, मग तिचं पडलेलं मूल, त्यावर मामांनी एकच ओळ लिहिली होती, दिवस संपले. ते कुठल्या अर्थाचं कार्ड होतं देव जाणे. नंबर घालून तिनं एक्केचाळीसही परत दिली.

पुस्तक छापून आलं. मास्तरांनी स्वतः आणून दिलं, रनच्या पानात दोरा घालून. चार पानं होती. कार्डं मागितली तर म्हणाले, छापल्यावर रद्दीत गेली, तसाच नियम आहे.

मामी नखानं एकेक आकडा मोजत गेली. एकशे अठ्ठ्याण्णववर नख थांबलं.

"इथून पुढचं माझं," ती म्हणाली. "चुकलंय ना?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "थोडं मागेपुढे. कोणाच्या लक्षात येणार नाही, वहिनी."

"ह्यांच्या आलं असतं," मामी म्हणाली, आणि पुस्तक मिटून मशीनच्या फळीवर ठेवलं.