हसनभाई आऊट झाले तो शुक्रवार

हसनभाई आज सकाळी गेले. चहा अर्धा राहिला म्हणे.

त्यांच्या मुलाचा फोन आला.
डोळ्यांसमोर त्यांचं दापोलीकडचं गाव नाही आलं. सौदीतली अल खफजी आली.

तिथे आम्ही एकाच कॅम्पात. मी लाँड्रीत, ते ग्राउंडवर.

ग्राउंड म्हणजे क्रिकेटचं नव्हे हो. बेसबॉलचं!
तेलाच्या कामावर जपानी लोक होते. त्यांनी त्या रेताडात हौसेने बांधून घेतलेलं. भोवती उंच जाळी, बसायला लोखंडी पायऱ्या, धावायच्या वाटेवर तीन पांढऱ्या उशा.

जाळीच्या पलीकडे आमची वस्ती. मल्याळ्याची चहाची टपरी, पाकिस्तानी न्हावी, आमच्या खोल्या.
शुक्रवारी दुपारनंतरची असरची नमाज झाली की सगळी वस्ती जाळीला नाक लावून उभी.

खेळाआधी ग्राउंडवर पाणी मारायचं, पांढऱ्या रेघा ओढायच्या, हे हसनभाईंचं काम. आपल्याकडे बायका अंगण सारवतात ना, तितक्या मायेने करायचे. वारा सुटला आणि रेघ पुसली की वाऱ्याला शिव्या. अस्सल कोकणातल्या.

मग सौदायझेशन आलं, म्हणजे परक्यांच्या जागी तिथलीच माणसं घ्यायची.
आधी ऑफिसातले क्लार्क बदलले, मग स्टोअरकीपर.
मग हसनभाईंच्या जागी फहद आला. खफजीतलाच, लेकुरवाळा माणूस.

मी तणतणलो.
“तात्या, डोकं कशाला तापवतोस? मुलुख त्याचा. त्याच्या घरी पण चूल आहे,” हसनभाई म्हणाले, आणि फहदला पाईप कसा धरायचा ते दाखवायला गेले.

पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं परत जायचा, शिक्का बसला. बॅगा दोरीने बांधून झाल्या.
तेव्हा कुठे माणूस बोलला.

“इतकी वर्षं या ग्राउंडला पाणी पाजलं, तात्या. एकदा त्याच्यावर खेळायला पायजे होतं. कामवाला म्हणून नाय. खेळाडू म्हणून.”

गावी ते टेनिस बॉलचे ओपनर. खाडीत बॉल घालवणारे.

आता मी गप्प बसतो होय?
इस्त्रीचे कपडे पोचवायला ओकादासानकडे गेलो. वयस्कर जपानी इंजिनीअर, शुक्रवारच्या मॅचचे अंपायर. हसणं जपून वापरणारा माणूस.
माझं इंग्लिश अगाध. “हसन गो इंडिया. वन टाइम प्ले. प्लीज सर.”

त्यांनी फक्त मान हलवली. हो का नाही, कळेना.

गुरुवारी लाँड्रीत खेळाचा एक युनिफॉर्म जास्त आला. वर चिठ्ठी: हसन.

काय सांगू! मी त्याला तीनदा इस्त्री फिरवली.
पॅंट घोट्याच्या वर राहिली आणि पोटाचं बटण काही लागेना. “जपान्यांना पोटं नसतात काय रे?” म्हणत शुक्रवारी स्वारी ग्राउंडात शिरली.

शेवटचा डाव. दोन गडी आऊट, तिसरा गेला की खेळ संपला. तिसऱ्या उशीवर हसनभाईंच्या बाजूचा एक गडी उभा. तो आत आला की मॅच बरोबरीत.
आणि बॅट हसनभाईंच्या हातात.

पहिल्या दोन बॉलला बॅट नुसती हवेत फिरली.
तिसरा बसला! जमिनीलगत सणसणीत.

“पळाऽऽ!” मी ओरडलो.
आणि हसनभाई पळाले. बॅट घेऊन!

जपानी हातवारे करतायत, बॅट टाक म्हणून. कोण ऐकतो?
पहिल्या उशीजवळ पोचताच त्यांनी आपल्या सवयीने वाकून बॅट पुढे सरकवली, उशीला टेकवली आणि ऐटीत उभे राहिले. पाय अजून दोन हात मागे.

बॉल आला. समोरच्या संघाच्या गड्याने तो झेलला, उशीवर पाय ठेवला.

ओकादासाननी मूठ वर केली. आऊट. मॅच खलास.

जाळीवर नुसता कल्ला. “नॉट आऊट! बॅट टेकली!” मल्याळी, पाकिस्तानी, आम्ही, सगळे एका सुरात. फहद तर जाळीवर चढून आमच्याकडून शिकलेल्या हिंदीत अन्याय म्हणून ओरडला. “हराम, हराम, दे दो ना!”

ओकादासान ढिम्म.
इथे बॅट नाही, पाय लागतो, एवढंच त्यांनी हसनभाईंना हाताने दाखवलं. मूठ खाली आली नाही.

मॅचनंतर तिथे एक रीत होती. जे खेळले त्यांनीच ग्राउंड विंचरून सारखं करायचं. बाहेरच्या कुणी, अगदी हसनभाईंनीसुद्धा, त्याला हात लावायचा नाही.
ओकादासाननी एक दाताळं हसनभाईंच्या हातात दिलं. सगळ्यांबरोबर रांगेत त्यांनी माती सारखी केली. मग सगळ्यांबरोबर टोपी काढून ग्राउंडला वाकून नमस्कार.

परतताना माझी धुसफूस चालूच.
“निरोपाचा दिवस होता. नॉट आऊट दिला असता तर काय बिघडत होतं त्यांचं?”

हसनभाई थांबले. तोंडभर हसले.
“खुळा रे खुळा. पाहुणा असतो तर दिला असता नॉट आऊट. खीर-पुरी खायला घालून पाठवला असता. त्यांनी मला आऊट दिला, तात्या. आऊट!”

त्यानंतर कधीही फोन केला की घरातल्या पोराटोरांना हाक मारून सांगायचे, “हा तात्या. मी आऊट झालो तेव्हा हा होता तिथं. विचारा त्याला.”

होतो, पोरांनो. मी होतो तिथे.
स्वच्छ आऊट होते तुमचे आजोबा.

हसनभाई, अल्लाह तुम्हाला जन्नत देवो.
तात्याचा सलाम घ्या.