बाबांच्या जहाजाचं रेलिंग

माझे बाबा नेव्हीत होते, हे आमच्या गावात सगळ्यांना मान्य होतं. ते ज्या जहाजावर होते त्यावर विमानं उतरायची, हे मात्र एका माणसाला मान्य नव्हतं. हा माणूस आमच्या घरासमोरच राहायचा. बाबांच्या वयाचा, बाबांबरोबर एकाच शाळेत मार खाल्लेला. गावासारखंच आम्हीही त्यांना भाऊ म्हणायचो.

भाऊंचा मुद्दा साधा होता. "विमान उडते ना? मंग त्याले जहाजात बसवून काऊन न्यायचं? बैलाले बंडीत बसवून कोनी वावरात नेते का?"

बाबांकडे याचं उत्तर होतं, पण ते लांब होतं. लांब उत्तर म्हणजे खोटं उत्तर, असा भाऊंचा ग्रामसभेतला अनुभव. टीव्हीवर असं जहाज दाखवलं तर ते म्हणायचे, टीव्हीवर नागाचाही माणूस होते. बाबांकडे फोटो नव्हता, कारण जहाजावर फोटो काढायला बंदी होती. "बंदी होती म्हनते!" म्हणत भाऊ मांडीवर थाप मारून हसायचे. मी शाळेत होते तेव्हापासून हे ऐकत आले आणि ऐकून ऐकून मला दोघांचाही वीट आला होता.

मग कळलं की उन्हाळी धानाची कापणी झाली की भाऊ नागपूरला लेकीकडे कायमचे राहायला जाणार. त्या दिवशी बाबा नीट जेवलेच नाहीत. "तो गेला का मी जनमभराचा खोटा," म्हणाले. सत्तरी ओलांडलेला माणूस रडवेला झाला होता आणि मला हसू आवरत नव्हतं.

मी जनावरांची डॉक्टर. मुलचेऱ्याला क्वार्टरमध्ये राहते. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणाऱ्या बाईला प्लास्टिकचं खेळणं काय जड, असा विचार करून मी विमानवाहू जहाजाचा एक किट मागवला. म्हटलं, दोन रविवारांत जोडू, भाऊंच्या नाकासमोर ठेवू, विषय संपला.

किट आला तसे बाबाही बसने मुलचेऱ्याला आले. चष्मा चढवून त्यांनी एकेक तुकडा पाहिला आणि म्हणाले, "रेलिंग कुठी हाय?"

रेलिंग नव्हतं. इतकं बारीक प्लास्टिकमध्ये येत नाही म्हणे.

"मंग लोकं पडतीन ना, बाई."

कोणती लोकं, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, तिथेच फसले. किट एक कंपनी काढते आणि त्यातल्या उणिवा भरून काढणारे सुटे भाग दुसऱ्याच कंपन्या विकतात, असा एक धंदा जगात आहे हे मला तेव्हा कळलं. पितळेचा पातळ पत्रा येतो, त्यात केसासारखं रेलिंग कोरलेलं असतं. ते ब्लेडने कापायचं, चिमट्याने उचलायचं आणि डिंकाच्या एका ठिपक्यावर उभं करायचं. शिड्या वेगळ्या, रडार वेगळं. बाबांच्या जहाजाचं नाक वर उचललेलं होतं, विमानाला उडी मारायला. किटमधलं सपाट निघालं, म्हणून ते नाकही वेगळं मागवलं. तांदळाच्या दाण्याहून लहान माणसं आली. विमानं बांधून ठेवायच्या साखळ्या आल्या, कारण बाबा म्हणाले, "नाई बांधले त वाहून जातीन."

दोन रविवारांचे किती झाले ते मोजायचं मी सोडून दिलं. पंखा बंद ठेवावा लागायचा, नाहीतर रेलिंग उडायचं. त्या मरणाच्या उकाड्यात आम्ही बापलेक घामाने निथळत बसायचो. मी पंख्याकडे नुसतं पाहिलं तरी बाबा ओरडायचे, "हवा लय हाय, डेकवर कोनी येऊ नका!" एकदा रेलिंगचा तुकडा अंगठ्याला असा चिकटला की निघता निघेना. तसाच घेऊन मी एक म्हैस तपासायला गेले. मालकाने बराच वेळ माझ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "डॉक्टरबाई, हे नवीन मशीन आलं का?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

रडार मात्र डिंकाने टिकेना. शेवटी चामोर्शीच्या एका सोनाराकडे नेलं. हे काय आहे ते त्याने विचारलं नाही. डोळ्याला भिंग लावलं आणि नथीला द्यावा तसा डाग देऊन ते पक्कं जोडलं. परत आणायला गेले तर रडार पिवळंधमक. त्याने वर सोन्याचं पाणी चढवलं होतं. "लेकीच्या जातीच्या हातात उघडं पितळ कसं देऊ?" म्हणाला. मी त्यावर करडा रंग मारायला बसले, तर बाबांनी ब्रश काढून घेतला. "राहू दे. त्यानं मनापासून केलं." अशा रीतीने युद्धनौकेच्या डोक्यावर बिंदी आली.

कापणी संपता संपता जहाज तयार झालं. ते मांडीवर घेऊन आम्ही भाड्याच्या गाडीने गावाकडे निघालो. सूरजागडच्या खनिजाच्या ट्रकांनी रस्त्याची पार चाळण झालेली. बाबा प्रत्येक खड्ड्याच्या आधी "लाट आली!" म्हणून ओरडायचे आणि मी जहाज वर उचलायचे. ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे पाहायचा आणि मग मुकाट्याने वेग कमी करायचा.

भाऊंना घरी बोलावलं. टेबलावर जहाज, शेजारी बाबा, इस्त्रीचा सदरा घालून. भाऊंनी जहाजाला एक फेरी मारली, मग उलटी मारली. वर उचललेल्या नाकावर बोट ठेवलं. "हे घसरगुंडी कायची?"

"विमान इथून उडी मारते," बाबा म्हणाले.

"उडते म्हनत होता ना बे? मंग उडी काऊन मारते?"

बाबांचा चेहरा पडला. मी मध्ये बोलणार तेवढ्यात भाऊंनी वाकून ती दाण्याएवढी माणसं पाहिली. "यात तू कोन्ता?"

बाबांनीही वाकून पाहिलं. जसे काही खरंच सापडणार होते. "मी यात नाई. मी खालती राहत होतो. सैपाकघरात."

"मंग वरतं विमान उतरताना तू कवा पाह्यलं?"

आयुष्यभर ऐकलेल्या त्या भांडणात हा प्रश्न कधी आलाच नव्हता. मला तर तो सुचलाही नव्हता.

"पाह्यलं नाई," बाबा म्हणाले. "ते उतरत तवा आमाले वरतं जाऊ देत नव्हते. आवाज ये. डोक्यावर धाडकन. चुलीवरच्या गंजातलं वरन हाले."

भाऊ हसतील म्हणून मी अंग आवळून बसले. ते हसले नाहीत. आणि मला काही कळायच्या आत बाबांनी माझ्या बॅगेतली ऑपरेशनची सुरी काढली, डेकच्या फटीत घातली आणि ताकद लावली. मी किंचाळले. रेलिंग उडालं, शिड्या उडाल्या, सोन्याचं रडार जाऊन भाऊंच्या चपलेपाशी पडलं. माझे सगळे रविवार, सगळा घाम! बाबांचा मला इतका राग आला की मी त्यांना तोंडावर येडे म्हटलं. त्यांनी ऐकलंच नाही. डेक उचलून ते आत आपलं स्वयंपाकघर शोधत होते.

आत काही नव्हतं. पोकळ, कोरं प्लास्टिक. बाबा तसेच पाहत राहिले, आपलं घर कुणी उचलून नेल्यासारखे. माझा राग तिथेच गळाला.

भाऊ खुर्ची ओढून जवळ बसले. त्यांनीही आत डोकावलं आणि एक बोट त्या पोकळीत घातलं.

"चूल कोन्त्या अंगाले होती?"

बाबांनी मान वर केली. मग त्यांचं बोट भाऊंच्या बोटाशेजारी आलं. "इथी. आन इथी भाताचे गंज. दांड्यानं बांधून."

"बांधून? हालून राह्यलं असन त भात शिजे कसा?"

"थेच त सांगतो ना तुले."

बाबा सांगत राहिले. भाऊ प्रश्न विचारत राहिले, पाणी किती, तांदूळ कोणता, करपला तर साहेब काय म्हणे. दोघांचा चहा गार झाला, मी पुन्हा गरम केला, तोही गार झाला. उठताना भाऊ म्हणाले, "सैपाकघर पटलं मले. विमानाचं अजून नाई."

दोन दिवसांनी ते नागपूरला गेले. त्याच संध्याकाळी बाबांचा मला मुलचेऱ्याला फोन आला. दिवाळीत भाऊ गावी यायचे होते, तोवर जहाज दुरुस्त होईल का, हे बाबांना विचारायचं होतं. मग म्हणाले, "बाई, सैपाकघराचे पार्ट मिळतेत का?"

मिळत नाहीत. मी शोधून पाहिलं होतं. झाकलेल्या डेकखालची चूल कोण विकत घेणार?

"मिळतात बाबा," मी म्हटलं. "मागवते."