शुक्रवारी पुन्हा या
हिंदी मुलखातल्या पिपलानीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या नलिनी मुजुमदारांना मंगळवारी इस्पितळातून फोन आला. मॅमोग्राममध्ये डाव्या बाजूला काहीतरी दिसतंय, शुक्रवारी पुन्हा या. दोन दिवस त्यांनी घरी काही सांगितलं नाही. वर्गात नेहमीसारखंच शिकवलं. गुरुवारी पोळ्या लाटताना नवऱ्याला, विश्वासरावांना, म्हणाल्या, "उद्या मला पुन्हा तपासायला बोलावलंय."

"मी येतो," एवढंच ते बोलले.

शुक्रवारी पुन्हा फोटो काढले, मग सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गांठ नहीं, पानी की थैली है. छह महीने बाद दिखा दीजिए."

बाहेर आल्यावर विश्वासरावांना स्कूटरला किल्ली लावता येईना. नलिनीबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि पहिल्यांदाच त्यांना मागे बसवून घरी आणलं.