दुसरी किल्ली

संग्रहालयातल्या मॅडमना शिक्षकांना प्रशिक्षण देता देता बावीस वर्षं झाली होती. वस्तूकडे बघायचं कसं, हे त्या शिकवत. पहिल्या दिवशी शिक्षक जांभया आवरत यायचे. वरून हुकूम आला म्हणून आलोय, हे चेहऱ्यावर स्वच्छ दिसायचं. मॅडम त्यांच्यापुढे एखादा कान तुटलेला कप ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पाच मिनिटं नुसतं बघा. मग बोला. पण पुरावा द्या, उगाच सुतावरून स्वर्ग गाठू नका."

पाच वाजले की पर्स खांद्यावर. "निघते, मुलगा वाट बघत असेल," हे दारवानाला रोजचं सांगणं. मुलगा कसली वाट बघतोय! चार वर्षांपूर्वी भांडून दुसऱ्या शहरात गेला तो गेलाच. रविवारी फोनवर "बरी आहेस ना" एवढं विचारून मोकळा व्हायचा. मॅडम घरात शिरल्या की आधी रेडिओ लावायच्या, मग चपला काढायच्या. पण कोणी कीव केलेली त्यांना खपत नसे, म्हणून ही थाप. आणि एक थाप मारली की तिची सरबराई आलीच. मुलाला कधी सर्दी व्हायची, कधी बढती मिळायची. दारवानाने एकदा पेढे मागितले तेव्हा तेही आणावे लागले.

त्या दिवशी जोड्यांचा खेळ होता. आपापल्या पिशवीत हात घालून पहिली सापडेल ती वस्तू बाहेर काढायची. जोडीदाराने ती न्याहाळून मालकाबद्दल सांगायचं. मालकाने फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणायचं. नेमका एकाला ताप आला आणि गणिताच्या बाई एकट्या उरल्या. दोन दिवसांत त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. त्यांना दुसऱ्या जोडीत घालता आलं असतं, पण तिघांत एक जण नुसता बसून राहतो, हे मॅडमचं नेहमीचं म्हणणं. म्हणून त्या स्वतःच समोर बसल्या, आणि पर्समध्ये हाताला लागला तो किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

गणिताच्या बाईंनी पाच मिनिटं पूर्ण घेतली.

"दोन्ही किल्ल्या एकाच कुलपाच्या आहेत. दाते सारखे आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ही झिजलीय. दुसरी करून आणली तशीच आहे, कडेची खरखरसुद्धा गेलेली नाही. कोणासाठी तरी केली असणार, पण त्या माणसाने ती नेलीच नाही. मॅडम, तुमच्या घरात तुम्ही एकट्याच कुलूप उघडता."

बाजूच्या जोड्या वळून बघू लागल्या.

"चूक," मॅडम म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही.

"मला वाटलंच होतं. मला नाही जमत हे." गणिताच्या बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. आपल्या कागदावरची ओळ त्या खोडरबराने खोडू लागल्या, अगदी मनापासून, एकेक अक्षर.

मॅडमना ते बघवेना. बरोबर उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला चूक ठरवायचं नाही, हे त्यांनी शेकडो शिक्षकांना बजावलं होतं. ही बाई आता वर्गात गेली की पुन्हा पुस्तकातलंच वाचून दाखवणार. आणि खरं सांगितलं, तर चार वर्षं जपलेलं सगळं पंधरा माणसांसमोर उघडं पडणार.

"खोडू नका," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे तुमचं. चार वर्षांपूर्वी मुलासाठी केली होती. म्हणाला, तुझ्याकडेच ठेव."

मॅडमना वाटलं होतं, आता ती कीव येईल. पण गणिताच्या बाईंनी पेन्सिल उचलली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत प्रत्येकाने जोडीदाराच्या वस्तूची, संग्रहालयात लावतात तशी, चिठ्ठी लिहायची होती, ती लिहून मॅडमपुढे सरकवली.

'किल्ली. चार वर्षांपूर्वीची. न वापरलेली. मालकीण रोज सोबत बाळगते.'

"यात काही दुरुस्ती, मॅडम?"

मॅडमनी लाल पेन उघडलं, चिठ्ठी दोनदा वाचली आणि पेनाला टोपण लावलं.