सुलाबाईंच्या ऐरणीचा कोनाडा

सुतारकीत भुसा आणि किस्से सारखेच साठतात. कितीही झाडा, कोपऱ्यात उरतातच. माझा जोडीदार नामदेव गवंडी म्हणतो, "म्हातारा झालास, आता तरी तोंड मिट." लई गंभीर माणूस! गुदगुल्या केल्या तरी आधी ओळंबा लावून बघेल आणि मगच हसेल.

*

औंदा माले गावच्या सुलाबाईंनी बोलावलं. नवरा लोहार, उन्हाळ्यात गेला. मागं त्याची ऐरण राहिली, ओसरीच्या मधोमध. मुलगा दत्ता उरवड्याला कंपनीत जातो, त्याला येता-जाता तिची ठेच लागायची.

"आये, रविवारी भंगारवाल्याचा टेंपो येतोय. तंवर हिला जागा कर, न्हाईतर देऊन टाकतो!"

ओसरीच्या भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर मोठा कोनाडा होता, पण तळ उंदरांनी पोखरलेला. बाई म्हणाल्या, "ह्यात फळी बसवा. ऐरण ऱ्हायली पायजे."

"आन् न्हाई ऱ्हायली तर?" मी विचारलं.

"मंग मला बी त्याच टेंपोत घाला."

मी कानावरची पेन्सिल काढली आणि कोनाडा मापायला घेतला.

*

नामदेव मात्र कामाला हात लावेना. त्याला चांदे गावातल्या कामापासनं धास्ती बसली होती.

तिथं आयटीतल्या एका जोडप्याला कोनाड्यात माशांची काचेची टाकी ठेवायची होती. मी जाड फळी काढली, तर नामदेव म्हणाला, "अरं, मासे ते मासे. वजन कितीसं आसणार!" मलाही पटलं, पातळच बसवली. पाणी दोघांच्याही डोक्यात आलं नाही!

टाकी भरली आणि फळी मधे वाकायला लागली. आम्ही दोघं खालून खांदे लावून उभे. घरच्या ताई म्हणाल्या, "काका, मासे घाबरलेत वाटतं."

"मासे न्हाई ताई, नामदेव घाबरलाय!"

*

म्हणून मालेत फळीला हात लावण्याआधी नामदेवनं गिलावा खरवडला, पार पक्का दगड लागेपर्यंत. कोनाड्याला तीन भिंती असतात, तिन्हींचा आधार घ्यायचा. तिन्हीकडं लोखंडी अँगल ठोकले, वर सागाची जाड फळी.

"आता तू बसून बघ," मी म्हटलं. नामदेव मांडी घालून कोनाड्यात बसला, तोंड एवढंसं करून. मी गुपचूप समोर उदबत्ती लावली. गल्लीतनं जाणारी एक म्हातारी चप्पल काढून पाया पडून गेली!

सुलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग तशाच आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आम्ही हत्यारं आवरत बसलो.

*

रविवारी टेंपो दारात. बांबूला दोर बांधून आम्ही ऐरण उचलली. दत्तानं एक टोक धरलं. जोर कमी पडला तसा भंगारवालाही पुढं आला. "तुजं गिऱ्हाईक बुडतंय की रं," मी म्हटलं. "आसू द्या बाबा, उचलायची सवयच हाय," तो म्हणाला.

ऐरण टेकली. फळी एकदा कुरकुरली. सगळ्यांनी नामदेवकडं पाहिलं. नामदेवनं डोळे मिटले होते.

मग काही आवाज आला नाही.

दत्ता म्हणाला, "आज बसलीया. उद्या पडली म्हंजी?"

"मग ठोकून बघ की! का कंपनीत नुसती बटणंच दाबतुयास?" मी डिवचलं.

सुलाबाई आतनं नवऱ्याचा हातोडा घेऊन आल्या. दत्ताच्या हातात दिला.

दत्तानं ऐरणीवर एक घाव घातला. अँगल हलला नाही. दुसरा घातला, जरा जोरात. नामदेव म्हणाला, "बास, बास. पक्कं हाय." तरी दत्तानं तिसरा घातला. आवाज पार ओढ्यापलीकडं गेला असेल.

भंगारवाल्यानं दोर गुंडाळला आणि टेंपो चालू केला.

टेंपो वळतोय तोवर खालच्या आळीचे तुकाअण्णा काठी टेकत आले. घावांचा आवाज ऐकूनच आले असणार, ऐरणीकडं पाहिलंसुद्धा नाही. बगलेतला कोयता काढून दत्तापुढं धरला.

"कवाधरनं बोथट पडलाय."

दत्तानं कोयता घेतला. धारेवरनं अंगठा फिरवला. एकदा आईकडं पाहिलं.

"उद्या न्या, अण्णा."