काला अंबच्या वाटेवर: यांचा पाय आणि ट्रकचा ब्रेक

गावाहून पार्सल आलं, त्यात होतं ते असं: चिक्कीचा गूळ तीन किलो, एकशे वीस रुपये. पांढरे तीळ दोन किलो, दोनशे. आणि देवीच्या देवळातली नाडाछडी, लाल-पिवळ्या धाग्याची एक गुंडी, दहा रुपये. तीळगुळाचे अडीचशे लाडू झाले. नाडाछडी मागवली होती ट्रकसाठी.

ट्रक छोटा, जुना, पेट्रोलवरचा. आमच्या यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर घेतला. दर संक्रांतीला आम्ही दोघं दिल्लीतल्या सरोजिनी नगरहून पानिपतजवळच्या काला अंबला, मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकाला जातो. महाराष्ट्रातून माणसं येतात, त्यांच्यासाठी लाडू, सतरंज्या, चहाची भांडी नेतो. यंदा हे निघायलाच तयार नव्हते. "दिवाळीपासून ब्रेक दाबताना पाय भरून येतो. वय झालं," म्हणाले. एका गिऱ्हाइकाला सांगूनही ठेवलं होतं, ही एक फेरी होऊ दे, मग ट्रक तुमचा.

मला वाईट वाटलं ते ट्रकचं नव्हे. घरी हे पेपरमागे असतात. स्टिअरिंगवर हात असला की बोलतात.

सकाळी सातला निघालो. पेट्रोल साडेबाराशेचं. बॉनेट उघडून मी नेहमीच्या जागी, हाताला येते त्या जाड रबरी नळीला, नाडाछडीचा एक वेढा बांधला आणि हात जोडले.

दिल्ली मागे पडली तसा धुक्याने रस्ता पुसूनच टाकला. झाडं जवळ येत, नाव सांगितल्यासारखी थांबत आणि पुन्हा विरून जात. मोहरीची शेतं दिसत नव्हती, नुसता पिवळा उजेड दिसत होता. रस्ता उभा आहे आणि धुकंच आपल्याला पुढे नेतंय, असं वाटत होतं. हे मात्र गप्प होते.

मुरथलच्या अलीकडे त्या पांढऱ्यातून एकदम उसाची ट्रॉली उगवली. यांनी दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. वीतभर अंतरावर थांबलो. ट्रक उभ्याउभ्या हुडहुडी भरल्यासारखा थरथरत होता, आता बंद पडेल, मग बंद पडेल.

"बघितलंस ना? संपलं," हे म्हणाले.

हळूहळू मुरथलच्या ढाब्यापर्यंत आलो. पराठे दोन, ऐंशी रुपये, लोणी वेगळं धरत नाहीत. यांनी घास तोडला नाही. माझ्या डोक्यात ती थरथर घोळत होती.

"अहो, पाय थकला तर ब्रेक जड लागेल. पण उभं इंजिन का कापेल?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मॅट्रिकपर्यंतचंच कळतं. पण तुम्ही आणि ट्रक, दोघांनी एकाच दिवाळीत म्हातारं व्हायचं ठरवलंत का?"

हे उठले ते तडक शेजारच्या मेकॅनिककडे. बलबीर त्याचं नाव.

"अंकलजी, इंजन बंद करो. चार-पाँच बार ब्रेक मारो. अब दबाके रखो, और स्टार्ट करो."

त्याने समजावलं ते असं: ब्रेकमागे डब्यासारखा बूस्टर असतो. इंजिन एका नळीतून त्यातली हवा ओढून घेतं, त्या ओढीवर तो पायाला जोर पुरवतो. ठीक असेल तर गाडी सुरू होताच पेडल आपोआप थोडं खाली जातं. आमचं हललंच नाही.

"पैर को मदद ही नहीं मिल रही, अंकलजी."

इंजिन चालूच ठेवून बलबीरने बूस्टरच्या त्या नळीला कान लावला; मी धागा बांधते तीच ही नळी. बारीक फुसफुस येत होती. माझ्या नव्या धाग्याखाली, नळीच्या टोकाशी, चीर होती. तिच्यावर अंगठा दाबला आणि इंजिन वारा पडल्यावर समई होते तसं शांत झालं. बाहेरची हवा आत घुसत होती, म्हणून थरथर आणि म्हणूनच जड ब्रेक.

"यहाँ पहले कुछ बँधा था? निशान है."

मग मला सांगावंच लागलं. सात वर्षांचे वेढे होते तिथे, तेलाने आणि कुंकवाने कडक होऊन चीर बुजवून बसलेले. मळले म्हणून दसऱ्याला मीच कापले आणि यमुनेत सोडले.

"माताजी, तब तो सात साल ब्रेक आपने ही चलाए," बलबीर हसत म्हणाला.

मला वाटलं, आता हे रागावतील. ती ट्रॉली माझ्याही डोळ्यांसमोर होती.

"म्हणजे माझा पाय..." इतकंच म्हणाले.

"पैर बिल्कुल ठीक है, अंकलजी."

बलबीरने चिरलेलं टोक कापून नळी पुन्हा घट्ट बसवली. पन्नास रुपये. यांनी ती पेडलची परीक्षा तीनदा घेतली. तिन्ही वेळा पेडल खाली गेलं.

काला अंबला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. लाडू वाटताना यांचा आवाज सगळ्यांच्या वर. देवीने राखलं असं मी म्हणते, हे म्हणतात बलबीरने. परतताना एक डबा त्याला दिला, एक देवघरासाठी ठेवला. दिल्लीपर्यंत हे अखंड बोलत होते. मी डोळे मिटून ऐकत होते, किती ऐकलं आणि किती स्वप्नात भर घातली, ते सांगता येणार नाही.

काश्मिरी गेटच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारातून नवी नळी आणली, एकशे ऐंशी रुपये. नाडाछडी आता आरशाला बांधते. गिऱ्हाइकाला यांनी नाही म्हणून कळवलं.

पुढच्या संक्रांतीला केबिनमध्ये एक जागा आहे. गाडी हेच चालवतील, आणि बोलतील खूप. यायचं असेल तर इथे खाली प्रतिक्रियांत लिहू नका, मी क्वचित बघते. घरच्या पत्त्यावर पत्र टाका, म्हणजे तीळ त्या हिशेबाने मागवीन.