खोटा पेशंट, खरी पिशवी

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या जिन्याच्या वळणावर उभे राहून खोकत होते. मी धावत जाऊन पाणी आणलं. ते सगळं पिऊन त्यांनी विचारलं, "बाई, कसा वाटला? वयाला शोभतो, की जरा जास्तच झाला?"

चौतीस वर्षं वर्गात पोटदुखीची सोंगं पाहिली. पण सोंग वठलं का, असं विचारणारा हा पहिलाच.

खालच्या मजल्यावर नव्याने आलेले हे काका म्हणजे निवृत्त तिकीट तपासनीस. "जन्मभर लोकांच्या थापा ऐकल्या," ते म्हणत, "आता मारायची पाळी माझी." त्यासाठी विद्यापीठ त्यांना चक्क बोलावून घ्यायचं. तिथे क्लिनिकल फार्मसी शिकवतात. म्हणजे दुकानात गोळ्या काढून देणं नव्हे. वॉर्डात खाटेशी बसायचं, पेशंट काय काय घेतो ते तपासायचं, कुठलं औषध कुठल्याशी भांडतं ते हेरायचं आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचं. खरे पेशंट हाती देण्याआधी मुलांची परीक्षा खोट्या पेशंटवर होते. पेशंटला एक कागद मिळतो: तुम्हाला काय होतंय, काय घेता, काय लपवता. लपवलेलं मुलांनी दहा मिनिटांत बाहेर काढायचं.

काका लपवण्यात पटाईत. "शेजाऱ्याकडची गुडघेदुखीची गोळी घेतो" हे कागदावरचं एक वाक्य ते समोरच्याच्या तोंडाला फेस आल्याशिवाय सोडत नसत. इथवर ठीक होतं. पण त्यांना पदरचं घालायची खोड. एकदा त्यांनी मनानेच एक मेहुणा जन्माला घातला, तोही गुरांचा डॉक्टर. परीक्षेतला मुलगा सात मिनिटं त्या मेहुण्याच्याच मागे लागला. दुसऱ्या खेपेला त्यांनी ऐन वेळी ठार बहिरेपण घेतलं. तेव्हा परीक्षक मॅडमनी बजावलं, "काका, आणखी एकदा कागद सोडलात, की तुमचं काम बंद."

परीक्षेपुरत्या विद्यापीठाकडून मिळणाऱ्या गोळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात असत. काकांना ते खटकायचं. "कुठला म्हातारा खोक्यातून गोळ्या आणतो हो?" मग काकूंनी पडद्याच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवून दिली. काकांच्या स्वतःच्या गोळ्यांची पिशवीही त्याच पडद्याची.

वर्षाच्या शेवटच्या परीक्षेत त्यांच्यासमोर एक बारीक आवाजाची मुलगी येऊन बसली. या परीक्षेत ती दोनदा नापास झालेली. तिसऱ्यांदा गेली, तर वॉर्डातल्या प्रशिक्षणासकट अख्खं वर्ष पुन्हा. काकांनी कण्हत पिशवी पुढे केली. मुलीने ती टेबलावर उपडी केली, तर आतून काकांचीच रोजची पाकिटं बाहेर पडली. घरून निघताना ते भलतीच पिशवी उचलून आले होते.

कसलेला गडी, चेहरा हलू दिला नाही.

मुलीने दोन पाकिटं उचलली आणि मोठ्या नावांखालची बारीक अक्षरं वाचत बसली.

"काका, ह्या दोन्ही रोज घेता?"

"घेतो की."

"दोन्ही एकाच डॉक्टरांनी दिल्यात?"

पहिल्या डॉक्टरांनी मीठ तोडलं म्हणून काकांनी गुपचूप दुसरे गाठले होते. मीठ दुप्पट तर गोळ्याही दुप्पट, असा त्यांचा सरळ विचार.

"दोन डॉक्टर," ते पुटपुटले.

"झोपून उठताना चक्कर येते?"

"येते," काका कण्हले, आणि हे कण्हणं खरं होतं.

"काका, कंपन्या वेगळ्या, पण औषध एकच आहे. ब्लडप्रेशरचं. तुम्ही दुप्पट घेताय. आत्ता लगेच डॉक्टरांशी बोलायला हवं."

घंटा वाजली. मॅडमनी हातातली यादी पाहिली. "अगं, गुडघेदुखीच्या गोळीचं तू विचारलंच नाहीस. आणि हे ब्लडप्रेशरचं कुठून काढलंस? यात नाहीये ते."

"पण मॅडम, पाकिटं समोर आहेत ना..." मुलीचा आवाज तिथेच विरला.

घंटेनंतर पेशंटने तोंड उघडायचं नाही, असा नियम. शिवाय उघडलं तर काम जाणार. काकांनी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला.

"मॅडम, पिशवी माझी आहे. म्हणजे खरंच माझी. पोरगी बरोबर बोलतेय."

पलीकडच्या खोलीत त्यांचा रक्तदाब मोजला, एकदा निजवून, एकदा उभं करून. उभ्याने तो इतका उतरला की मॅडमनी स्वतः खुर्ची सरकवली.

"आता तुम्हाला बोलावता येणार नाही, काका."

"ठाऊक आहे. तिसऱ्यांदा सापडलेल्याला मीसुद्धा कधी सोडला नाही."

मुलीची परीक्षा तासाभराने दुसऱ्या पेशंटवर, नव्या कागदाने झाली. त्यातली लपवलेली गोळी तिने चौथ्याच मिनिटाला बाहेर काढली.

घरी काकूंचा मात्र पारा चढला. "दुसरा डॉक्टर? माझ्या पाठीमागे?" त्यांचा आवाज वर माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला. "किती दिवस चाललंय हे?"

"अगं, वर्ष झालं असेल. पण मनाने मी पहिल्याचाच."

आता ती मुलगी हॉस्पिटलच्या वॉर्डात फार्मासिस्ट आहे. परीक्षेला विद्यापीठ एका निवृत्त नर्सबाईंना बोलावतं. काकांचा डॉक्टर एकच आहे. महिन्यातून एकदा ते त्यांच्याकडे जातात, आणि काकू तपासणीच्या खोलीतही बरोबर असतात.